वाचणाऱ्यांनी ठरवलं तेव्हा : ग्रंथालीची वाटचाल, जेऊरच्या बाजूनं

करमाळा तालुक्यातल्या नेरले गावचा एक मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला आणि त्याच सुमाराला, १९९४ साली, त्याचं आत्मकथन छापून आलं. पुस्तकाचं नाव ‘कोल्हाट्याचं पोर’, लेखक किशोर शांताबाई काळे. मधलं नाव आईचं, कारण बापाचं नाव लावायला मिळालंच नव्हतं. घरातल्या बायांनी तमाशात नाचायचं आणि त्या कमाईवर घरातल्या बाप्यांनी बसून खायचं, ही रीत त्यानं स्वतःच्याच घरातली माणसं समोर ठेवून लिहिली. पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरानं असं लिहायचं म्हणजे परतीची वाट बंद करून घेण्यासारखंच. पुढं २००७ साली रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. पुस्तक मात्र अजून हातोहात फिरतं.

त्या पुस्तकावर प्रकाशकाचं नाव आहे ग्रंथाली. करमाळा तालुक्याला रेल्वेनं यायचं तर उतरायचं जेऊरला. आणि पुस्तकाच्या वाटेनं तालुक्याबाहेर पडायचं तर ग्रंथालीचं स्टेशन मध्ये लागतंच. म्हणून तिची वाटचाल जेऊरच्या बाजूनं सांगतो आहे. दुसरंही एक कारण आहे. हल्ली गावागावांत पाच-सात मित्र जमून ‘काहीतरी वाचू या, दर महिन्याला बसू या’ असं म्हणतात. पहिली बैठक झकास होते. दुसऱ्या बैठकीत ‘पुढं काय वाचायचं?’ असा प्रश्न निघतो आणि तिथंच गाडी अडते. ग्रंथालीची सगळी गोष्ट याच एका प्रश्नाची आहे.

एकत्र बसून वाचणं आपल्याला नवं नाही. श्रावणात, चातुर्मासात देवळात पोथी लागायची. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा आणि ऐकणारं सगळं गाव. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे त्यातले ठरलेले ग्रंथ, आणि ते लिहिणारे श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातल्या सांगोल्याकडच्या नाझऱ्याचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या त्यांच्या ओव्या निरक्षर माणसांनाही तोंडपाठ असत. सोलापूर जिल्ह्यानं मराठीला दिलेला सर्वांत जास्त ‘वाचला गेलेला’ लेखक कोण, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत श्रीधरांचं नाव सांगेन. पण या वाचनात निवडीला जागा नव्हती. यंदा श्रावणात कोणती पोथी लावायची यावर कुणी हमरीतुमरीवर येत नसे, कारण उत्तर आजोबांच्या काळापासून ठरलेलं असे. पोथी वाचायला कुणी बसायचं आणि ऐकायला कुणी कुठं बसायचं, हेही असंच ठरलेलं.

इंग्रजी अमदानीत वाचनालयं आली. रत्नागिरीचं १८२८ सालचं, पुण्याचं लोकहितवादींच्या खटपटीतून उभं राहिलेलं १८४८ सालचं. तिथं निवड आली, पण ती ग्रंथपालानं आणि कार्यकारी मंडळानं करायची. सभासदानं यादीतून पुस्तक मागायचं. मित्रांनी मित्रांसाठी ठरवायचं, हा प्रकार अजून लांब होता.

तो दिसतो १९२३ साली पुण्यात. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आणि आणखी काही कविमित्र रविवारी चहाला जमू लागले. चहा, गप्पा आणि एकमेकांच्या कविता. रविवारचा चहा म्हणून गमतीनं ‘सन-टी क्लब’ म्हणत, पुढं त्याचंच रविकिरण मंडळ झालं आणि ‘किरण’ हा पहिला संग्रह निघाला. मंडळातली पुरुषमंडळी म्हणजे सप्तर्षी आणि मनोरमाबाई त्यांतली अरुंधती, असंही कौतुकानं म्हटलं जाई. मराठी कविता त्यांनी सभागृहात गाऊन दाखवली, ती लोकांच्या ओठांवर नेली, हे त्यांचं मोठंच काम. तरी मंडळ म्हणून पाहिलं तर त्यांची एक अडचण होती. वाचणारेही तेच आणि लिहिणारेही तेच. ‘अहो रूपं अहो ध्वनिः’ व्हायला अशा ठिकाणी फार वेळ लागत नाही, आणि आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या मंडळींची जी रेवडी उडवली, ती उगाच नव्हे. मित्रांच्या मंडळानं स्वतःचंच लिखाण वाचत बसू नये, हा माझा जुना ग्रह रविकिरण मंडळानं पक्का केला आहे. फार चांगले कवी होते, तरीसुद्धा!

ग्रंथाली सुरू झाली १९७४ साली, २५ डिसेंबरला, मुंबईत. दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर ही तिच्याभोवतीची नावं. बरीचशी वृत्तपत्रांत काम करणारी, साधारण एका वयाची, एकमेकांना अरे-तुरे करणारी मंडळी. ग्रंथाली अजूनही २५ डिसेंबर हा दिवस वाचकांचा दिवस म्हणून पाळते. याच तारखेला १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली होती. तारखांचा हा योगायोगच असावा. पण ‘आम्ही काय वाचायचं, काय मानायचं हे आम्ही ठरवू’ हे वाक्य दोन्हीकडे बसतं. महाडला ते नकाराच्या बाजूनं उच्चारलं गेलं, मुंबईत निवडीच्या.

त्या वेळची पुस्तकांची दुनिया आठवून पाहा. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची आणि ती संपायला वर्षं लागायची. बऱ्याचशा प्रती वाचनालयांकडे जायच्या, उरलेल्या पुण्या-मुंबईच्या दुकानांत. पुस्तक छापायचं की नाही हे प्रकाशक ठरवणार, कुठं ठेवायचं हे विक्रेता ठरवणार आणि चांगलं की वाईट हे समीक्षक सांगणार. या साखळीत वाचक अगदी शेवटी. पुस्तक महाग म्हणून वाचक कमी, आणि वाचक कमी म्हणून पुस्तक महाग. ग्रंथालीनं ही साखळी उलट्या टोकाकडून धरली. आधी वाचक गोळा करायचे, त्यांच्याकडून सभासद म्हणून पैसे घ्यायचे आणि त्यांना चांगलं पुस्तक कमी किमतीत द्यायचं. म्हणून तिनं स्वतःला प्रकाशन संस्था म्हणवून न घेता ‘वाचक चळवळ’ म्हणवून घेतलं. तेव्हा चळवळींचा हंगामच होता. बंडाच्या, मोर्चांच्या, युवकांच्या अशा नाना चळवळी होत्या. पण वाचणं हे काम चळवळीत मोडतं, असं म्हणायला जरा धीटपणा लागतो. आपल्याकडं वाचणारा माणूस म्हणजे कामाचा नसलेला माणूस, अशीच समजूत फार.

चार मित्रांनी जमवलेल्या या वाचकांपुढं मग तो अडवणारा प्रश्न आला : वाचायचं काय? चांगली म्हणून नावाजलेली पुस्तकं स्वस्तात मिळवून देणं एवढ्यावर भागलं असतं, तर ग्रंथाली ही एक बरी सवलत योजना ठरली असती आणि आज तिचं नावही कुणी घेतलं नसतं. पण १९७८ साली तिनं दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं.

‘बलुतं’ची मांडणीच वेगळी. शहरात नोकरी करणारा पांढरपेशा झालेला दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार हे समोरासमोर बसलेत आणि दगडू बोलतोय. नगर जिल्ह्यातलं गाव, तिथला महारवाडा, मुंबईतला कावाखाना. तोवर मराठी आत्मचरित्र म्हणजे थोरामोठ्यांनी आयुष्याच्या संध्याकाळी लिहायचा ग्रंथ. त्यात ‘मी कसा घडलो’ असायचं. दगडूनं ‘मला कसं घडू दिलं नाही’ ते सांगितलं, आणि तेही सहानुभूतीची झोळी न पसरता. वाचणाऱ्यांत खळबळ उडाली. पुस्तक बरं की वाईट यावर वाद झालेच, पण असं काही छापावं का, असल्या गोष्टी चारचौघांत बोलाव्यात का, यावरही झाले. दलित वस्तीतल्या वाचकांनीही ‘आमची लक्तरं का टांगली’ म्हणून दगडूला जाब विचारला. मंडळाला पुस्तक सापडलं म्हणतात ते असं. बैठक संपल्यावरही माणसं पायरीवर उभी राहून भांडतात, तेव्हा समजावं की निवड बरोबर होती.

दोन वर्षांत, १९८० साली, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं. फलटण तालुक्यातलं कैकाडी कुटुंब, गाढवावर बिऱ्हाड, टोपल्या विणत गावोगाव भटकणं आणि त्यातून शिकणारा एकच पोरगा. त्या पुस्तकाला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मग नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ आलं, १९९३ साली. पाठोपाठ आपल्या नेरल्याचं ‘कोल्हाट्याचं पोर’. दुसऱ्या प्रकाशकांनीही हे दार पुढं मोठं केलं. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. सगळं श्रेय ग्रंथालीच्या पदरात टाकणं खोटं होईल. दलित साहित्याची चळवळ आधीपासून उभी होती, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्येच येऊन गेला होता. ग्रंथालीनं केलं ते एवढंच, की ज्यांना ही पुस्तकं आपण होऊन हाती घ्यावीशी वाटली नसती, अशा घरांत ती नेऊन ठेवली. दादर-ठाण्याच्या बैठकीच्या खोलीत दगडू पवार जाऊन बसला. हे काही लहान काम नव्हतं.

याच ठिकाणी मला ग्रंथालीबद्दलचं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. वाचकांनी काय वाचायचं ते ठरवलं, तेव्हा पुढं काय लिहिलं जाणार तेही बदललं. नेरल्याच्या त्या मुलाला आपली गोष्ट पुस्तकात मावते असं कशामुळं वाटलं असेल? त्याच्याआधी सोळा वर्षं दगडूची गोष्ट मावली होती, आणि ती वाचायला माणसं तयार होती. लेखकाच्या टेबलाशी पोचणारी वाट वाचकाच्या उंबऱ्यातून जाते.

ग्रंथालीनं ग्रंथयात्रा काढल्या, गावोगाव प्रदर्शनं मांडली, ‘रुची’ नावाचं नियतकालिक चालवलं; ते आता ‘शब्द रुची’ म्हणून निघतं. पुढं सुदेश हिंगलासपूरकरांनी काम अंगावर घेतलं, गांगल संगणकाच्या पडद्यावर महाराष्ट्राची माहिती गोळा करण्याच्या दुसऱ्या उद्योगात शिरले. संस्थेनं पन्नाशी ओलांडली. मधल्या काळात एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याशिवाय वाटचाल पुरी होत नाही. वाचकांची संस्था हळूहळू प्रकाशकांच्या रांगेत जाऊन बसली. यात पाप काही नाही. पुस्तकं काढायची तर कागद लागतो, छापखान्याचं बिल भरावं लागतं, गोदाम लागतं. पण छापलेली प्रत खपवायची काळजी लागली, की ‘मला हे आवडलं नाही’ असं मोकळेपणानं म्हणायची मुभा उरत नाही. वाचकाची खरी श्रीमंती तीच, नापसंतीची. प्रकाशकाला ती परवडत नाही. म्हणून मला वाटतं, पाच-सात मित्रांच्या मंडळानं कितीही यश आलं तरी काही छापायच्या फंदात पडू नये. वाचावं, भांडावं, घरी जावं.

ग्रंथालीनंतरही प्रयोग होत राहिले. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानड्यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांनी भरलेली पेटी एका वाचकगटाकडं द्यायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. पेट्या पार परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. सातारा जिल्ह्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं, स्ट्रॉबेरीच्या गावात घराघरांत पुस्तकं मांडली गेली. मला यांतली सगळ्यांत आवडते ती पुस्तक भिशी. पैशांच्या भिशीसारखीच चालते : महिन्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम काढायची आणि ज्याचं नाव चिठ्ठीत निघेल त्यानं त्या पैशांची पुस्तकं घ्यायची. आपल्या बायामाणसांनी भिशी चालवण्यात जी शिस्त कमावली आहे, तिच्यापुढं कुठल्याही वाचनालयाच्या कार्यकारिणीनं हात जोडावेत.

आता जेऊरचं. जेऊरला रेल्वे आहे, कॉलेज आहे, उजनीचं पाणी जवळ आहे, ऊस आहे, केळी आहे. नागराज मंजुळे इथलाच. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ सगळ्यांना ठाऊक, पण त्याआधी तो कवी म्हणून ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ घेऊन आला होता, हे गावातल्या नव्या पोरांना सांगावं लागतं. इथं पाच-सात जण बसले तर त्यांनी काय वाचावं? पुण्या-मुंबईच्या ‘शंभर उत्तम पुस्तकां’च्या याद्या आणून भिंतीला चिकटवू नयेत, एवढं मी आधी सांगेन. यादी बाहेरून आली की मंडळ शाळा होतं, आणि शाळेतून पळून जायची सवय तर सगळ्यांनाच.

त्यापेक्षा जोड्या लावाव्यात. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. मामलेदारी केलेला माणूस, त्यानं खेडं आतून-बाहेरून तपासलेलं. पाटील-कुलकर्णी, कारू-नारू, बलुतं कसं वाटलं जातं, गावात येणारे फिरस्ते कोण, याचा इतका बारीक हिशोब मराठीत दुसरा नाही. ते वाचावं, आणि पुढच्या महिन्यात लगेच ‘बलुतं’. एकच व्यवस्था, आत्रे ती खळ्याच्या उंच बाजूनं मोजतात, दगडू ती पसरलेल्या हातांनी सांगतो. ‘गावगाडा’तले ‘फिरस्ते’ वाचून झाले की ‘उपरा’ घ्यावं. गावाच्या वेशीवरून दिसणारी भटकी जमात आणि गाढवाच्या मागं चालताना दिसणारी गावाची वेस, यांत काय फरक आहे ते कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. मग ‘कोल्हाट्याचं पोर’. ते शेवटी ठेवावं, कारण ते घरातलं आहे. घरातल्या गोष्टीवर बोलायला मंडळाला थोडं मुरावं लागतं.

उजनीकाठच्यांसाठी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’. धरणात गेलेल्या माणसांची ही कादंबरी १९९१ सालची, अकादमी पुरस्कार मिळालेली. उजनीचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० च्या सुमारास धरण भरू लागलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पलीकडं पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक मोबाइलवर फोटो काढायला जातात. ज्यांचं शिवार त्या पाण्याखाली गेलं अशी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांतल्या एखाद्याला बैठकीला बोलावून बसवावं, आणि त्या दिवशी मंडळानं तोंड कमी चालवावं. पुस्तक जाडजूड आहे. दोन महिने द्यावे लागतील. ते उरकलं की काहीतरी पातळ घ्यावं : ‘बनगरवाडी’, नाहीतर विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. जाड पुस्तकाच्या पाठोपाठ जाड पुस्तक लावलं तर तिसऱ्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या.

निवड मतदानानं करू नये, हे माझं आग्रहाचं मत. मतदानात ज्याला कुणाचाच विरोध नाही तेच पुस्तक निवडून येतं, आणि ज्याला कुणाचा विरोध नाही त्यावर बोलायला काही नसतं. पाळी लावावी. ज्याची पाळी त्यानं पुस्तक सांगायचं, बाकीच्यांनी नाक मुरडत का होईना वाचायचं. केळीचा बागायतदार उद्या मृत्युंजयावर अडून बसेल, कॉलेजातला मास्तर कोसला काढेल, बँकेतल्या बाई लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ सांगतील. बागायतदाराच्या तोंडून ‘स्मृतिचित्रां’तल्या सोवळ्याओवळ्यावर काय निघतं ते ऐकायला तरी मंडळ हवं. अट एकच घालावी, पुस्तकाच्या निदान दोन-तीन प्रती मिळाल्या पाहिजेत. राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं आहेत. तालुक्याच्या वाचनालयात आधी चौकशी करावी, मग विकत घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ वाचू नयेत. लेखकाचं राहू द्या, पण बारीक पडद्यावर चारशे पानं कुणी वाचत नाही. नुसतं ‘डाउनलोड झालं’ म्हणून समाधान मानतात.

बैठकीचा काळही ठरवून घ्यावा. ऊस तोडीला आला, की कार्तिकापासून माघ-फाल्गुनापर्यंत निम्मं मंडळ फडात आणि उरलेलं कारखान्याच्या चिठ्ठीच्या मागं असतं. त्या दिवसांत कादंबरी लावण्यात अर्थ नाही. तेव्हा कवितासंग्रह घ्यावा, सुटा-सुटा वाचता येतो, पहिला मंजुळेंचाच. जाड पुस्तकं आषाढ-श्रावणात, जेव्हा पूर्वी पोथी लागायची तेव्हा. आणि न वाचता आलेल्या माणसाला बैठकीतून उठवू नये. त्यानं त्या दिवशी चहा सांगायचा, पैसे द्यायचे आणि बाकीच्यांचं भांडण ऐकायचं. पुढच्या महिन्याची पाळी मग त्याचीच.